पेशीतला हमाल

माझी शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण गोदीच्या धक्क्यावर झाले. म्हणून शरीरशास्त्र वाचतानाही मला आधी हमालच दिसतो.

आपल्या प्रत्येक जिवंत पेशीत ‘एनएडी’ नावाचा एक रेणू असतो. १९०६ साली लंडनमध्ये हार्डन आणि यंग या शास्त्रज्ञांना यीस्टच्या रसात त्याचा पहिला सुगावा लागला. त्याचे काम ओझे वाहण्याचे. खाल्लेल्या अन्नाचे विघटन होताना सुटणारे इलेक्ट्रॉन तो उचलतो, पेशीतल्या मायटोकॉन्ड्रिया नावाच्या भट्टीपाशी उतरवतो आणि रिकामा होऊन पुन्हा खेपेला निघतो. त्या इलेक्ट्रॉनांच्या जोरावरच आपली बहुतेक ऊर्जा तयार होते. या कामात हमाल खर्च होत नाही.

दुसऱ्या कामात मात्र होतो. ऊन, किरणोत्सार किंवा पेशीतल्याच रासायनिक घडामोडी यांमुळे डीएनएचा धागा तुटतो. तेव्हा ‘पार्प’ नावाचे विकर तेथे धावते आणि एनएडी मोडून त्याचे तुकडे दुरुस्तीच्या जागी खूण म्हणून जोडते. मोडलेला एनएडी पेशीला नव्याने बांधावा लागतो. वयाबरोबर शरीराच्या अनेक भागांत एनएडी घटतो असे आढळले आहे. बांधणीपेक्षा खर्च वाढणे हे त्याचे एक कारण मानले जाते.

या बांधणीचा कच्चा माल म्हणजे नायसिन हे जीवनसत्त्व. ते तुटले की पेलाग्रा होतो : कातडी करपते, जुलाब लागतात, बुद्धी भ्रमते. डॉ. गोल्डबर्गर यांनी १९१६ पासून अमेरिकेतल्या दक्षिण कॅरोलिनातील कापडगिरण्यांच्या गावांत घरोघर पाहणी केली. कुटुंबाची मिळकत जितकी कमी, तितका हा रोग अधिक, असे दिसले. आपल्या दख्खनेतही केवळ ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांत हा रोग आढळला, हैदराबादेत डॉ. गोपालन यांनी १९६० च्या सुमारास त्याचा अभ्यास केला.

आज एनएडी वाढवण्याच्या महागड्या गोळ्या विकल्या जातात. त्यांनी रक्तातला एनएडी वाढतो, हे खरे. माणसाचे आयुष्य वाढते, हे अजून सिद्ध झालेले नाही. पण भाकरीबरोबर डाळ, शेंगदाणे, मासळी मिळाली तर पेलाग्रा टळतो, हे सिद्ध आहे. ती मिळण्याइतकी मजुरी मागणे म्हणजे या हमालाचीच बाजू मांडणे होय.