डॉक्टर व्हायचंय? मग आजोबांचा दाखला आधी शोधा

नीटचा फॉर्म भरताना आमच्या एका विद्यार्थिनीने विचारलं होतं, "सर, अम्मीच्या आजाराचं यात कुठे लिहायचं?"

तिची अम्मी कित्येक वर्षांपासून डायलिसिसवर आहे. आठवड्यातून दोनदा ही पोरगी वॉर्डबाहेरच्या बाकड्यावर बसून जीवशास्त्र वाचायची. फिस्टुला असलेल्या हातावर बीपी का घेत नाहीत, पाणी मोजून का प्यायचं, हे ती पुस्तकाआधी तिथेच शिकली. आम्ही म्हणालो, "बेटा, असा रकानाच नाही."

अमेरिका, ब्रिटनमध्ये मेडिकलला जाणारा विद्यार्थी स्वतःबद्दल लिहून देतो, त्याची मुलाखतही होते. आपल्याकडे एमबीबीएसला मुलाखत नाही, निबंध नाही. १८० प्रश्न, ७२० गुण. बरोबर उत्तराला चार गुण मिळतात, चुकलं तर एक जातो. पेपर मराठीत आणि उर्दूतही घेता येतो, सोबत इंग्रजी असतंच. पण भाषांतरात शंका आली तर इंग्रजी प्रश्न अंतिम मानला जातो. म्हणून उर्दू माध्यमाच्या मुलांनी इंग्रजी संज्ञा अकरावीपासूनच पाठ कराव्यात.

घरातलं आजारपण मुलाला अभ्यासाला बसवतं, पण गुण देत नाही. एक गोष्ट पालकांनाही सांगायची आहे. "तू डॉक्टर होऊन मला बरं कर" असं ओझं आजारी माणसाने लेकरावर टाकू नये. आवड त्याची स्वतःची असली पाहिजे.

आता त्या मुलीचं पुढे काय झालं ते ऐका. गुण चांगले आले. जात पिंजारी, म्हणजे ओबीसी. जातीचा दाखला होता, पण पडताळणी प्रमाणपत्र, ज्याला आपण 'व्हॅलिडिटी' म्हणतो, ते नव्हतं. ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात फक्त 'मुसलमान' लिहिलेलं. दिलेली मुदत संपली, प्रमाणपत्र आलं नाही. खुल्या गटात तिचे गुण कमी पडले आणि वर्ष गेलं. सगळ्यांच्या आधी आम्हीच चुकलो. अकरावीतच तिला विचारायला हवं होतं.

ही अडचण आपल्या अनेक घरांत आहे. मोमीन, तांबोळी, पिंजारी अशा कितीतरी बिरादऱ्या राज्याच्या ओबीसी यादीत आहेत, पण जुन्या कागदांवर धर्म लिहिला, जात राहून गेली. अशा वेळी चुलत आजोबा, आत्या, पणजोबा यांचे दाखले शोधा. जुनी खरेदीखतं, गावचं जन्म-मृत्यू रजिस्टर पाहा. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यात कुणाला व्हॅलिडिटी मिळाली असेल तर तो मोठा आधार ठरतो. अकरावी-बारावी सायन्सची मुलं कॉलेजमार्फत जिल्हा जात पडताळणी समितीकडे अर्ज करू शकतात. निकालाची वाट पाहू नका.

आणखी काही गोष्टी लक्षात ठेवा:

• सरकारी कॉलेजच्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरतात, ८५ टक्के राज्याच्या. राज्याच्या जागांसाठी साधारणपणे दहावी-बारावी महाराष्ट्रातून आणि डोमिसाइल लागतं. क्लासच्या नादात बारावी परराज्यातून करण्याआधी हे तपासा.

• नॉन-क्रिमीलेअर चालू मुदतीचं हवं. अखिल भारतीय कोट्यासाठी ओबीसीचा दाखला केंद्राच्या नमुन्यात वेगळा काढावा लागतो, आणि आपली जात केंद्राच्या यादीत आहे का तेही बघावं लागतं.

• कोणत्याच आरक्षणात न बसणाऱ्या, ८ लाखांहून कमी उत्पन्नाच्या कुटुंबासाठी ईडब्ल्यूएस आहे. त्याची इतर अटींसह माहिती तहसील कार्यालयात मिळते.

• २०२४ पासून राज्यात ओबीसी, ईडब्ल्यूएस व एसईबीसी मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर, कॅपमधून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतल्यावर शिक्षण व परीक्षा शुल्क माफ आहे. अभिमत आणि खासगी विद्यापीठं यात नाहीत. 'मुलीच्या फीला पैसे कुठून आणायचे' म्हणणाऱ्यांनी हे वाचावं.

• बीएएमएस, बीएचएमएस, बीयूएमएस हे मार्गही नीटनेच उघडतात.

पिंजारी लिहिलेला कागद अखेर पणजोबांच्या भावाच्या दाखल्यात सापडला. मुलीने पुन्हा परीक्षा दिली. आज ती सरकारी मेडिकल कॉलेजात आहे. अम्मीचं डायलिसिस चालूच आहे, पण आता बाकड्यावर अब्बू बसतात. मध्यंतरी फोनवर म्हणाली, "सर, धाकट्या भावाची व्हॅलिडिटी दहावीच्या सुट्टीतच कागद जमवून तयार ठेवलीय. अकरावी लागली की लगेच अर्ज."

या जुम्मा नंतर घरातली जुनी पेटी उघडा. दुआ तर करायचीच, कागदही काढायचे.