बाई, जातं कुठं गेलं?

बालमित्रांनो, तुमच्या शाळेत स्नेहसंमेलन होतं ना? आमच्याही होतं. मी एका लहानशा गावातल्या प्राथमिक शाळेत शिकवते. आमच्या संमेलनाला एकच अडचण असते. ते होतं जानेवारीत, आणि तेव्हा वर्गातल्या निम्म्या मुलांचे आईवडील गावात नसतात. दिवाळीच्या सुमाराला ते ऊसतोडणीला जातात, ते मार्चपर्यंत कारखान्याजवळच्या कोपीतच राहतात. मुलं इकडे आजीआजोबांपाशी.

म्हणून गेल्या वर्षी आम्ही ठरवलं, की संमेलन इंटरनेटवरून थेट दाखवायचं. एक लॅपटॉप, एक माईक, एक मोबाइल कॅमेरा. झालं की काम! पण संध्याकाळी एका मुलीच्या आईचा फोन आला, "बाई, पोरगी दिसली. पण म्हणाली काय, ते कळलंच नाही."

मी रेकॉर्डिंग लावून ऐकलं. अरे देवा! शाळेसमोर पिठाची गिरणी आहे, तिची घरघर सगळीकडं भरून राहिली होती. छोट्यांच्या कविता त्यात बुडाल्या होत्या. सूत्रसंचालन करणारा मुलगा ओरडला, की आवाज फाटत होता. टाळ्या तर कानठळ्या बसवत होत्या.

आपला कान मोठा हुशार असतो बरं का! गिरणी चालू असली तरी तो मैत्रिणीचं बोलणं बरोबर टिपतो. माईकला ते कळत नाही. तो सगळंच ऐकतो. मग त्याच्या मदतीला कुणाला बोलवायचं? प्लग-इनना!

प्लग-इन म्हणजे काय?

पूर्वी रेडिओ केंद्रात आणि ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओत आवाज सुधारणारी जडच्या जड यंत्रं असत. अमेरिकेत १९६०च्या दशकात 'एलए-२ए' नावाचं असंच एक यंत्र निघालं. त्याच्या आत चक्क एक दिवा होता! आवाज मोठा झाला की दिवा जास्त उजळायचा, आणि समोरचा प्रकाश ओळखणारा भाग आवाज तेवढा कमी करायचा. आहे की नाही गंमत?

पुढं संगणक आले. यंत्राचं काम गणितानं करता येऊ लागलं. १९९६ साली स्टाइनबर्ग या जर्मन कंपनीनं 'व्हीएसटी' नावाची पद्धत आणली. मोठ्या प्रोग्रॅममध्ये छोटा प्रोग्रॅम खोचायचा, म्हणजे झालं प्लग-इन. दप्तरात कंपासपेटी ठेवतो ना, तसं! आज त्या जुन्या यंत्रांची नक्कल करणारी प्लग-इनही मिळतात.

आम्ही थेट प्रक्षेपणासाठी 'ओबीएस स्टुडिओ' हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम वापरतो. आवाजाचे काही फिल्टर त्यात आधीच असतात, आणि व्हीएसटी प्लग-इन बाहेरून जोडताही येतात.

थेट प्रक्षेपणात एक मोठी मेख आहे. रेकॉर्डिंग असेल तर चूक नंतर दुरुस्त करता येते. इथं नंतर नसतंच! संगणक दर सेकंदाला आवाजाची ४८,००० मापं घेतो. ती सगळी जागच्या जागी साफ करून पुढं पाठवायची.

आवाजाची रांग

आमच्या माईकचा आवाज पाच ठिकाणी थांबून पुढं जातो. चला, आपणही त्या रांगेत उभे राहू.

*पहिली गाळणी.* ही नको असलेला गोंगाट गाळते. आमच्या गाळणीचं नाव 'आरएनएनॉइज'. झाँ-मार्क व्हॅलिन या संशोधकानं ती बनवली आणि २०१७ साली सर्वांसाठी खुली केली. तिला आधी माणसांच्या बोलण्याचे आणि नाना तऱ्हेच्या गोंगाटांचे खूप नमुने ऐकवले. त्यावरून बोलणं कसं असतं, हे ती शिकली. आता ती आवाजाचे जाड्यापासून बारीकपर्यंत २२ पट्टे करते, आणि कुठल्या पट्ट्यातलं किती ठेवायचं ते सेकंदाला १०० वेळा ठरवते!

*दुसरा शिपाई.* याला म्हणतात नॉइज गेट. कुणी बोलत असेल तर दार उघडं, नाहीतर बंद. इथं आवाज डेसिबलमध्ये मोजतात, पण मोजायची रीत उलटी. विहिरीत पाणी काठापासून किती हात खाली आहे ते सांगतात ना, तशी. शून्य म्हणजे काठ. बाकी सगळे आकडे उणे. आमचा शिपाई उणे २६ ला दार उघडतो आणि उणे ३२ ला लावून घेतो. दोन आकडे का? एकच आकडा ठेवला, तर हळू बोलणाऱ्याच्या वेळी दार सारखं फडफडत राहील!

*तिसरा इक्वलायझर.* हा आवाजातला जाडेपणा आणि बारीकपणा कमीजास्त करतो. माईकला धक्का लागला की 'धब्ब' असा आवाज येतो. तो फार खालच्या पट्टीतला असतो. सेकंदाला ८० पेक्षा कमी कंपनं असलेला भाग कापला, की तो पुष्कळसा जातो, आणि मुलांच्या बोलण्याला काही होत नाही. यासाठी आम्ही बाहेरचं एक फुकट व्हीएसटी प्लग-इन जोडलं.

*चौथा कॉम्प्रेसर.* बुजरी मुलगी पुटपुटते, धीट मुलगा ओरडतो. दोघांना जवळ आणायचं काम याचं. आम्ही उंबरठा ठेवला उणे १८, आणि प्रमाण चारास एक. म्हणजे कुणाचा आवाज उंबरठ्याच्या ८ डेसिबल वर गेला, तर बाहेर पडताना तो फक्त २ डेसिबल वर असतो. मोठा आवाज असा खाली आला, की मग सगळाच आवाज थोडा वाढवता येतो.

*पाचवा लिमिटर.* हा म्हणजे छप्पर. आमचं छप्पर उणे ६ वर आहे. कितीही टाळ्या वाजवा, आवाज त्याच्यावर जात नाही.

आता सांगा पाहू, कॉम्प्रेसर गाळणीच्या आधी ठेवला तर काय होईल? बरोबर! पुटपुटणाऱ्या मुलीबरोबर गिरणीही मोठी होईल, आणि गाळणीचं काम अवघड होऊन बसेल. म्हणून आधी तांदूळ निवडायचे, मग शिजवायचे.

रंगीत तालीम

यंदा ही सगळी तयारी करून आम्ही आदल्या दिवशी तालीम घेतली. समोर गिरणी जोरात चालू होती. पण हेडफोन लावून बसलेला पाचवीतला आमचा ध्वनिमंत्री खुशीत म्हणाला, "बाई, गिरणी गायब!"

मी तर हरखूनच गेले.

मग चौथीतल्या एका मुलीची आजी आली. नातीच्या आग्रहावरून ती जात्यावर दळताना ओव्या म्हणणार होती. चार पोरांनी मिळून घरचं जातं आणून ठेवलं. आजीनं मूठभर ज्वारी घातली, खुंटा धरला आणि सुरुवात केली. आम्ही सगळे गप्प होऊन ऐकत होतो.

एवढ्यात ध्वनिमंत्र्यानं हेडफोन काढला. "बाई, जातं कुठं गेलं?"

मी हेडफोन कानाला लावला. आजीचा आवाज होता, पण तुटक तुटक. जात्याची घरघर मात्र जवळजवळ पुसून गेली होती. समोर आजी खुंटा फिरवतेय, आणि कानात जातंच नाही!

चोर कोण? आम्ही शोध सुरू केला. ओबीएसमध्ये प्रत्येक फिल्टरसमोर एक डोळा असतो. तो मिटला की तेवढा फिल्टर बंद. शिपायाचा डोळा मिटला. आजीचा आवाज तुटायचा थोडा कमी झाला, जातं काही आलं नाही. इक्वलायझरचा मिटला. तरी नाही. गाळणीचा डोळा मिटला मात्र, आणि घर्र घर्र करत जातं हजर! पण त्याच्या मागोमाग गिरणीही हजर.

आलं लक्षात? गाळणी शिकलीय माणसाचं बोलणं ओळखायला. बाकी सगळं तिला सारखंच. गिरणी दळते, जातंही दळतं. एक नको आणि एक हवं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. ती तंबोराही खाऊन टाकील आणि तबलाही. तिचा दोष नाही. सांगायचं काम आमचं होतं, ते आम्ही केलं नव्हतं.

मग काय केलं? तीन गोष्टी. जात्याजवळ दुसरा माईक ठेवला आणि त्याला गाळणीही लावली नाही, शिपाईही नाही. नुसता लिमिटर ठेवला. ओबीएसमध्ये प्रत्येक माईकची रांग वेगळी लावता येते. दुसरं, जात्याच्या आवाजातला जाडा भाग वाढवत बसलो नाही. मोबाइलचा इवलासा स्पीकर तो नीट वाजवूच शकत नाही. दगडावर दगड घासल्याची खरखर मात्र तो छान ऐकवतो, तीच थोडी वर आणली.

आणि तिसरी गोष्ट? ध्वनिमंत्री पळत समोर गेला आणि गिरणीवाल्या काकांना म्हणाला, "काका, उद्या दहा मिनिटं गिरणी बंद ठेवता का?" काका म्हणाले, "एवढंच ना? ठेवतो की!"

मुलांनो, एवढं चांगलं प्लग-इन मला अजून कुठंच सापडलेलं नाही.

तुम्हीही करून पाहा

मित्राला व्हिडिओ कॉल लावा. बोलता बोलता स्टीलच्या वाटीत तांदूळ घालून हलवा, मग कागद चुरगाळा, मग शिट्टी वाजवा. त्याला काय काय ऐकू आलं ते वहीत लिहून घ्या. हाच प्रयोग दुसऱ्या अ‍ॅपवर करा. अशी गाळणी कुठल्या अ‍ॅपमध्ये बसलीय, याचा अंदाज येईल. आणि तुमच्या घरातले कुठले आवाज ती 'गोंगाट' समजते, तेही कळेल.

संमेलन छान झालं. रात्री त्या चौथीतल्या मुलीच्या आईचा कोपीवरून फोन आला. मला वाटलं, ओव्या आवडल्या म्हणून सांगेल. तसं ती बोललीच, पण आधी म्हणाली,

"बाई, आत्याबाईंना सांगा, जात्याला टाकी लावायला झालीय. आवाजावरनंच कळतंय."

जात्याचा दगड झिजून गुळगुळीत झाला, की छिन्नीनं त्याला पुन्हा खाचा पाडतात. त्याला म्हणतात टाकी लावणं. घरापासून कितीतरी लांब, मोबाइलच्या एवढ्याशा स्पीकरमधून, तिला ते ऐकू आलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी आजीला निरोप दिला. आजी म्हणाली, "खरंच की गं. माझ्या ध्यानातच आलं नव्हतं."