मायभूमीला मुकलेला लेखक : टी. बी. कुन्हा यांची हद्दपारी

हदगाव : पैनगंगेच्या अलीकडे हदगाव, पलीकडे उमरखेड. आज एकाच राज्यात असलेले हे दोन तालुके १९४८ पर्यंत दोन वेगळ्या राजवटींत होते. हदगाव निजामाच्या हैदराबाद संस्थानात, तर उमरखेड मध्य प्रांत-वऱ्हाडात. हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या काळात निजामाच्या पोलिसांचा आणि रझाकारांचा ससेमिरा चुकवून कार्यकर्ते नदी ओलांडत आणि उमरखेडच्या छावणीतून लढा चालवीत. घर नदीपल्याड असूनही तेथे जाता येत नव्हते. मात्र १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाने शरणागती पत्करली आणि त्यांचा परतीचा मार्ग मोकळा झाला.

गोव्यातील स्वातंत्र्यसैनिकांना एवढ्या लवकर परतता आले नाही. तेथील पोर्तुगीज राजवट १९ डिसेंबर १९६१ पर्यंत टिकली. या राजवटीने ज्यांना मायभूमीबाहेर काढले, त्यांत लेखक आणि राजकीय नेते त्रिस्ताव द ब्रागांझा कुन्हा यांचे नाव अग्रभागी आहे. गोव्याच्या राष्ट्रवादाचे जनक म्हणून ते ओळखले जातात.

पॅरिसमधील जडणघडण

कुन्हा यांचा जन्म २ एप्रिल १८९१ रोजी सासष्टी तालुक्यातील चांदर येथे झाला. पणजी आणि पाँडिचेरी येथील शिक्षणानंतर ते पॅरिसला गेले व तेथे त्यांनी विद्युत अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले. भारतातील स्वातंत्र्य चळवळीची बाजू त्यांनी फ्रेंच वाचकांपुढे लेखनातून मांडली. १९२६ मध्ये ते मायदेशी परतले. १९२८ मध्ये त्यांनी गोवा काँग्रेस समितीची स्थापना केली. ही समिती राष्ट्रीय काँग्रेसशी संलग्न होती. परंतु गोवा परकीय सत्तेखालील वेगळा प्रदेश असल्याने १९३४ मध्ये ही संलग्नता संपुष्टात आली. ब्रिटिश हिंदुस्थानातील लढ्याचा आधार असा दुरावला, तरी कुन्हा यांनी लेखणी खाली ठेवली नाही.

त्यांचा सर्वांत गाजलेला ग्रंथ १९४४ मध्ये प्रसिद्ध झाला. गोमंतकीयांचे अराष्ट्रीयीकरण हा त्याचा विषय. परकीय सत्ता केवळ जमीन ताब्यात घेत नाही, तर भाषा, शिक्षण आणि चालीरीती यांच्या द्वारे माणसाला आपल्याच देशबांधवांपासून तोडते, असा त्यांचा सिद्धांत होता. स्वतः ख्रिस्ती कुटुंबात जन्मलेल्या लेखकाने हे लिहिल्यामुळे त्याला विशेष वजन प्राप्त झाले.

लष्करी न्यायालयापुढे

१८ जून १९४६ रोजी डॉ. राममनोहर लोहिया यांनी मडगाव येथे बंदी झुगारून सभा घेतली आणि गोव्यात सत्याग्रहाची लाट उसळली. त्या लाटेत जुलैमध्ये कुन्हा यांना अटक झाली. आग्वाद किल्ल्यातील कोठडीत ठेवून त्यांच्यावर लष्करी न्यायालयात खटला चालविण्यात आला. आठ वर्षांची शिक्षा ठोठावून त्यांना पोर्तुगालला धाडण्यात आले. लिस्बनच्या उत्तरेस, अटलांटिक महासागराच्या काठावरील पेनिशचा किल्ला हा हुकूमशहा सालाझार यांच्या राजवटीचा कुप्रसिद्ध राजकीय तुरुंग होता. पुरुषोत्तम काकोडकर (अणुशास्त्रज्ञ डॉ. अनिल काकोडकर यांचे वडील), राम हेगडे, लक्ष्मीकांत भेंब्रे यांनाही पोर्तुगालची हद्दपारी भोगावी लागली.

तुरुंगवास आणि हद्दपारी यांत मोठा फरक आहे. स्थानिक तुरुंगातील नेत्याची बातमी भिंतीबाहेर येते, आप्त भेटतात, त्याच्यासाठी मोर्चे निघतात. समुद्रापार धाडलेल्या नेत्याचा मात्र आपल्या लोकांशी संबंधच तुटतो. लेखकाच्या बाबतीत तर तो ज्यांच्यासाठी लिहितो, ते वाचकच त्याच्यापासून हिरावले जातात. कुन्हा यांना हद्दपार करण्यामागे नेमका हाच हेतू होता.

मुंबईतून लढा

पेनिशमधून सुटका झाल्यावरही त्यांना पोर्तुगाल सोडण्याची मुभा नव्हती. अखेर पाळत चुकवून ते पॅरिसला निसटले आणि १९५३ मध्ये मुंबईत पोहोचले. गोव्यात पाऊल ठेवणे म्हणजे पुन्हा अटक. त्यामुळे मुंबई हेच त्यांचे कार्यक्षेत्र बनले. गोवा कृती समितीच्या अध्यक्षपदाची धुरा आणि 'फ्री गोवा' या नियतकालिकाचे संपादन त्यांनी एकाच वेळी सांभाळले. पोर्तुगीजांनी तोडलेला वाचक त्यांनी अशा रीतीने पुन्हा जोडला. मात्र गोव्याची वाट बंदच राहिली. २६ सप्टेंबर १९५८ रोजी मुंबईतच त्यांचे निधन झाले. गोवा मुक्त होण्यास तेव्हा तीन वर्षे उरली होती.

अशी उदाहरणे जगात अन्यत्रही आढळतात. सोव्हिएत सत्तेमुळे देशास मुकलेले एस्टोनियाचे लेखक व राजकीय नेते ऑगस्ट रेई यांनी स्वीडनमधून आपल्या देशाचे विजनवासी सरकार चालविले. १९६३ मध्ये त्यांचे तेथेच निधन झाले. एस्टोनिया १९९१ मध्ये स्वतंत्र झाला आणि २००६ मध्ये रेई यांचे अवशेष राजधानी तालिन येथे नेण्यात आले.

कुन्हा यांचे अवशेषही १९८६ मध्ये पणजीला आणण्यात आले. तेथील आझाद मैदानावर आज त्यांचे स्मारक आहे. उमरखेडच्या छावणीतील कार्यकर्त्यांना मुक्तीनंतर पैनगंगा ओलांडून आपल्या घरी परतता आले. मुंबईहून गोवा फार दूर नाही. तरीही कुन्हा यांना तेथे पोहोचण्यास मृत्यूनंतर २८ वर्षे लागली.