पसरणी घाटाचं वीजबिल

वाईहून पाचगणीला चढणारा पसरणी घाट साधारण १२ किलोमीटरचा. वाई समुद्रसपाटीपासून सुमारे ७२० मीटरवर आणि पाचगणी १,२९० मीटरवर, म्हणजे निव्वळ चढ ५७० मीटरचा. ७० किलोचा माणूस आणि १० किलोची सायकल एवढं वजन तिथवर न्यायला किती ऊर्जा लागते, हे शाळेतलं सूत्र सांगतं : वस्तुमान गुणिले गुरुत्वत्वरण गुणिले उंची. उत्तर येतं ४ लाख ४७ हजार ज्यूल. आकडा ऐकून धडकी भरते, पण विजेच्या मीटरवर तो जेमतेम एक अष्टमांश युनिट भरतो. बिल रुपया-दीड रुपया. तेवढ्या विजेवर छताचा ७५ वॉटचा पंखा पावणेदोन ताससुद्धा फिरत नाही.

हेच काम पायांवर सोपवलं की हिशेब बदलतो. घाट तासाभरात चढायचा तर नुसत्या चढासाठी १२४ वॉट लागतात; रस्त्याचं आणि हवेचं घर्षण धरून १५०. शरीर जाळलेल्या अन्नातला फार तर पाव हिस्सा पेडलपर्यंत पोचवतं, बाकीची उष्णता होते. म्हणजे तासाला पाचशेहून जास्त कॅलरी खर्च, आणि ती उष्णता बाहेर टाकायला पाऊण लिटर घाम. नाकाच्या शेंड्यावरून तो टपटप हँडलवर पडत असतो आणि पुसायला एक हात सोडायचंही धाडस होत नाही, कारण वेग इतका कमी असतो की सायकल लगेच डगमगते.

घाट हा ग्रुपने करायच्या सायकल सहलीचा एक तुकडा झाला. पुणे ते पाचगणी आणि परत, वाटेत कात्रज आणि खंबाटकी, हा पल्ला जवळपास २०० किलोमीटरचा. आयर्नमॅन ट्रायथलॉनमधलं सायकलिंग १८० किलोमीटरचं, त्यामुळे सरावाला हे अंतर पुरून उरतं. ताशी २५ किलोमीटरची सरासरी राखली तर सायकलवर ८ तास. उतारावरची विश्रांती वजा केली तरी पेडल ३० हजारांहून जास्त वेळा फिरतं. मिनिटाला १४० ठोक्यांनी हृदय ६७ हजार वेळा धडधडतं. मिनिटाला १५ लिटर रक्त धरलं, तर ८ तासांत ते ७,२०० लिटर रक्त ढकलतं. अंगात रक्त आहे ५ लिटर. म्हणजे तेच रक्त चौदाशेहून जास्त फेऱ्या मारतं.

मग ग्रुपने जायचा फायदा काय? सपाटीवर प्रचंड. हवा कापायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या पटीत वाढते : वेग तिप्पट, तर शक्ती सत्तावीस पट. ताशी ३६ किलोमीटरला एकट्या स्वाराचे २०० वॉट नुसत्या हवेत जातात. पुढच्याच्या चाकाला चिकटून राहिलं की त्यात मोठी बचत होते. तेव्हा आइंडहोव्हनच्या तंत्रविज्ञान विद्यापीठात असलेले बेर्ट ब्लॉकेन यांनी २०१८ मध्ये १२१ सायकलस्वारांच्या दाट घोळक्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. घोळक्याच्या मध्याच्या मागच्या भागात हवेचा रोध एकट्या स्वाराच्या तुलनेत अवघा ५ ते १० टक्के उरतो, असं त्यात दिसलं.

वाईच्या वाटेवरच्या सुरूर फाट्यापर्यंत या सवलतीवर आरामात जाता येतं. पसरणीत वेग ताशी १२ वर येतो आणि हवेचा वाटा उरतो जेमतेम साडेसात वॉट. वाचवायला काही शिल्लकच नाही. दहा जण सोबत असले तरी आपले ८० किलो आपणच उचलायचे. इथे किलोचा भावही कळतो : एक किलो कमी झाला तर तासाभराच्या चढात पाऊण मिनिट वाचतं. सायकलवरचा तो एक किलो घटवायला लोक लाखभर रुपये मोजतात; पोटावरचा फुकट घटतो, पण तिथे कुणी हात घालत नाही.

उतारावर वेगळीच गंमत. टायरमध्ये ९० पीएसआय हवा असेल, तर दोन्ही चाकं मिळून रस्त्याला टेकतात फक्त १३ चौरस सेंटिमीटर. ताशी ५० च्या वेगाला, सेकंदाला १४ मीटर कापताना, सगळा जीव तेवढ्या रबरावर असतो.

आणि आयर्नमॅनचा नियम असा, की हौशी स्पर्धकांनी पुढच्या सायकलपासून १२ मीटर अंतर राखायचं. दुसऱ्याच्या आडोशाने जाण्याला दंड. शंभर किलोमीटर मित्राच्या पाठीमागे ३५ च्या वेगाने आलेल्याला वाटतं आपली तयारी झाली. त्याच्या पायांनी नक्की किती काम केलं, हे त्याला ठाऊकच नसतं. शर्यतीच्या दिवशी काय होणार, याचा खरा अंदाज द्यायला त्या अख्ख्या ग्रुप राइडमध्ये घाटाचा एक तास पुरतो.