मंद गाण्यांभोवतीचे गैरसमज

रात्री जेवणं उरकली, ओटा पुसून झाला, की मला मोठ्या आवाजाचं काही ऐकवत नाही. तेव्हा हवा असतो एकच गळा, सोबत गिटार नाहीतर पियानो, आणि शेजारी बसून गातंय असं वाटावं इतका हळुवार आवाज. दुकानदारांनी या गाण्यांना ‘ईझी लिसनिंग’ असं नाव देऊन ठेवलंय. बड्या कंपन्यांच्या बाहेर, स्वतःच्या हिमतीवर काढलेले असे अल्बम जगात भरपूर आहेत. तरीही चांगल्या दर्दी माणसांशी बोलताना तेच ते गैरसमज आडवे येतात, आणि त्यांच्यापायी अल्बम राहून जातात. पहिला गैरसमज तर त्या नावातच आहे.

‘ऐकायला सोपं म्हणजे गायलाही सोपं’

१९२५ च्या सुमाराला मायक्रोफोनवर ध्वनिमुद्रण सुरू झालं. त्याआधी गायकाला भोंग्यासमोर उभं राहून घसा ताणावा लागे. मायक्रोफोन आला आणि बिंग क्रॉस्बीसारख्यांना गुणगुणल्यासारखं गाता येऊ लागलं. पण त्याबरोबर गायकाचा आडोसाही गेला. दणदणीत आवाजात लपून जाणारा श्वास, शब्दाची सैल पडलेली कड, केसभर उतरलेला सूर, सगळं उघड्यावर आलं.

ज्युली लंडनचा १९५५ चा ‘ज्युली इज हर नेम’ हेडफोन लावून ऐका. लिबर्टी या तेव्हा नुकत्याच निघालेल्या छोट्या कंपनीचा हा अल्बम. साथीला बार्नी केसलची गिटार आणि रे लेदरवुडचा बास, तिसरं वाद्य नाही. ओळीच्या शेवटी ती आवाज सोडून देते आणि पुढच्या ओळीआधी घेतलेला श्वास स्पष्ट ऐकू येतो. तो श्वाससुद्धा लयीत पडलाय. ब्राझीलच्या जुआंव जिल्बेर्तोने हे हळू गाणं कमावण्यासाठी बहिणीच्या घरी न्हाणीघरात बसून मेहनत केली, कारण तिथे स्वतःचा आवाज नीट कानावर येई. आपल्याला हे नवं नाही. अरुण दाते ‘शुक्रतारा मंद वारा’ गातात तेव्हा वाटतं, हे कुणालाही जमेल. संगीतकार खळेकाकांची ती चाल घरी गाऊन पाहिलेल्या कुणालाही विचारा!

‘स्वतंत्र म्हणजे हौशी आणि कच्चं’

स्वतंत्र हा शब्द दर्जाबद्दल बोलतच नाही. मूळ ध्वनिमुद्रणाची मालकी कुणाची आणि काय गायचं हे ठरवतं कोण, एवढंच तो सांगतो. १९८४ साली रेमो फर्नांडिसने गोव्यात शिवोलीच्या घरात चार ट्रॅकच्या यंत्रावर ‘गोवन क्रेझी’ मुद्रित केला. वाद्यं त्याची, आवाज त्याचा, मुखपृष्ठही त्याचंच. कॅसेटी दुकानांत पोचवल्या त्याही स्वतःच्या स्कूटरवरून. ती गाणी काही मंद नाहीत, पण स्वतंत्र म्हणजे काय हे समजायला मला यापेक्षा जवळचं उदाहरण माहीत नाही.

‘चांगलं असेल तर आपोआप वर येतंच’

हा गैरसमज मला सगळ्यात जास्त छळतो, कारण तो बोलणारा माणूस शोधण्याच्या जबाबदारीतूनच मोकळा होतो.

ईव्हा कॅसिडी ही वॉशिंग्टन परिसरातली गायिका. तिचा आवाज कंपन्यांना आवडायचा, पण ती ब्लूज, जॅझ, लोकगीतं, चर्चमधली भजनं असं सगळंच गायची. मग हिला कुठल्या खणात ठेवायचं, असा त्यांना प्रश्न पडे, आणि तिथेच बोलणं थांबे. जानेवारी १९९६ मध्ये ब्लूज ॲली या क्लबात तिने दोन रात्री गाऊन अल्बम मुद्रित करायचं ठरवलं. पहिल्या रात्रीचं मुद्रण यंत्राच्या बिघाडात वाया गेलं. दुसऱ्या रात्री तिला सर्दी होती. आपला आवाज बरा लागला नाही म्हणून तो अल्बम काढायलाच ती राजी नव्हती. अखेर तो निघाला, आणि त्याच वर्षीच्या २ नोव्हेंबरला त्वचेच्या कर्करोगाने ती गेली. वय ३३.

१९९८ मध्ये ब्लिक्स स्ट्रीट या लहानशा कंपनीने तिची गाणी निवडून ‘साँगबर्ड’ काढला. पुढे बीबीसी रेडिओ २ वर टेरी वोगनच्या सकाळच्या कार्यक्रमात ती वाजू लागली. डिसेंबर २००० मध्ये, ब्लूज ॲलीत साध्या हातातल्या कॅमेऱ्याने टिपलेली तिची फीत टीव्हीवर दाखवली गेली. मार्च २००१ मध्ये ‘साँगबर्ड’ ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोचला. तिला जाऊन चार वर्षं उलटून गेली होती.

यात आपोआप काय घडलं? एका छोट्या कंपनीने निवड केली, रेडिओवर कुणीतरी हट्टाने तबकडी लावली, क्लबात कुणीतरी कॅमेरा धरला. जर्मनीच्या सिबिल बायरचीही तीच गोष्ट. १९७० ते ७३ दरम्यान तिने घरच्या टेपवर गिटार घेऊन गाणी मुद्रित केली आणि ठेवून दिली. तीस वर्षांनी मुलाने घरच्यांसाठी त्यांची सीडी केली. एक प्रत डायनोसॉर ज्युनियर या बँडच्या जे मॅस्किसच्या हाती गेली, त्याने ती ऑरेंज ट्विन या छोट्या कंपनीकडे दिली, आणि २००६ मध्ये ‘कलर ग्रीन’ बाहेर आला. मुलाला ती टेप उघडाविशी वाटली नसती, तर आज आपल्याला तिचं नावही ठाऊक नसतं.

‘ॲप सुचवतंच की, शोधायचं कशाला?’

ॲप गाण्यांची यादी देतं, आणि ‘शांत संध्याकाळ’ छापाच्या यादीत गाणारा-वाजवणारा कोण हे कुणी बघतही नाही. २०२४ मध्ये ‘दागेन्स न्यूहेतर’ या स्वीडिश दैनिकाने छापलं, की स्पॉटिफायवरच्या साडेसहाशेहून अधिक ‘कलाकारां’च्या नावांमागे एकच संगीतकार आहे. ते बहुतेक वाद्यसंगीत होतं. पण मनःस्थितीच्या नावाने भरलेल्या यादीत माणूस किती सहज पुसला जातो, ते यातून दिसलं. त्याच वर्षापासून स्पॉटिफायवर बारा महिन्यांत हजार वेळाही न वाजलेल्या गाण्याला मानधन मिळत नाही. नव्या, कमी ऐकल्या जाणाऱ्या गायकावरच हा घाव बसतो.

शोधायला माझे दोन रस्ते आहेत. एक, अल्बमची मागची बाजू. आवडलेल्या अल्बमवर गिटार कुणी वाजवली, कंपनी कुठली, हे वाचायचं आणि त्या नावांचे बाकीचे अल्बम डिस्कॉग्ज या संकेतस्थळावर काढायचे. छोट्या कंपन्या एखाद्या माणसाच्या आवडीवर चालतात, त्यामुळे तिथला एक अल्बम आवडला तर दुसरा आवडण्याची शक्यता दांडगी. दुसरा रस्ता बँडकॅम्प या संकेतस्थळाचा. तिथे अल्बमच्या पानावर तो विकत घेणाऱ्यांची छोटी छोटी चित्रं दिसतात. त्यातल्या एकावर टिचकी मारली की त्या माणसाचा सगळा संग्रह उघडतो. पोर्तुगालमधल्या नाहीतर जपानमधल्या अनोळखी माणसाच्या कपाटासमोर उभं राहिल्यासारखं वाटतं, आणि त्याने पैसे मोजून घेतलेलं असतं, म्हणून त्या निवडीवर मी भरवसा ठेवते.

आणि हो, ‘फुकट ऐकता येतं तर विकत कशाला’ हाही एक गैरसमजच. बँडकॅम्प डिजिटल विक्रीतले साधारण १५ टक्के स्वतःकडे ठेवतं. पैसे देण्याघेण्याचा खर्च वजा जाता उरलेलं गाणाऱ्याला किंवा त्याच्या छोट्या कंपनीला मिळतं. त्याचा पुढचा अल्बम त्यातून निघतो.

आज रात्री एकच करा. ईव्हा कॅसिडीचा तो ‘लाइव्ह ॲट ब्लूज ॲली’ पहिल्या गाण्यापासून शेवटपर्यंत, क्रम न मोडता ऐका. ती सर्दी कुठे ऐकू येते का, ते मला जरूर कळवा. मला अजून सापडलेली नाही.