दात हलतो, कारण हाड झिजते

दात हलू लागला की आपण दोष दाताला देतो. ‘दात कमजोर झाले’, ‘वय झाले’, ‘आमच्या घराण्यातच दात लवकर पडतात’, असे म्हणून आपण गप्प बसतो. खरे पाहता हलणाऱ्या दातांपैकी पुष्कळ दात स्वतः ठणठणीत असतात. बिघडलेली असते ती त्यांना धरून ठेवणारी जागा, म्हणजे हिरडी आणि तिच्या आत दडलेले जबड्याचे हाड. या विकाराला आपण पायोरिया म्हणतो. तो बहुधा दुखत नाही, आणि म्हणूनच तो फसवतो.

सिद्धेश्वर धरणाच्या परिसरातून येणाऱ्या रुग्णांना हे समजावून सांगताना मला पूर्णा नदीचा काठ उपयोगी पडतो. काठावरच्या बाभळीच्या मुळाखालची माती दर पुरात थोडी थोडी वाहून जाते. झाड वरून हिरवेगार दिसते, त्याला शेंगाही येतात. मग एखाद्या पावसाळ्यात ते आडवे होते. झाडाला कीड लागलेली नसते, त्याच्या पायाखालची माती गेलेली असते. पायोरियात दाताचे नेमके हेच होते.

हाड झिजते कसे?

दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. जबड्यात प्रत्येक मुळासाठी एक खोबण असते आणि असंख्य बारीक तंतूंनी मूळ त्या खोबणीच्या हाडाला बांधलेले असते. हे हाड दातासाठीच असते. म्हणून तर दात काढल्यावर ते हळूहळू बसत जाते आणि म्हाताऱ्या माणसाचे गाल आत गेलेले दिसतात.

दात आणि हिरडी यांच्यामध्ये एक अरुंद फट असते. निरोगी माणसात ती एक ते तीन मिलिमीटर खोल असते. दातांवर रोज जंतूंचा चिकट थर बसतो. तो नीट काढला नाही तर लाळेतील क्षारांमुळे टणक होऊन त्याचे कीटण बनते. कीटणाच्या खडबडीत पृष्ठावर नवे जंतू सहज ठाण मांडतात. त्यांच्याशी झगडताना हिरडी लाल होते, सुजते आणि ब्रश लागताच तिच्यातून रक्त येते. इथवर हाडाला धक्का लागलेला नसतो. दात स्वच्छ केले की हिरडी पूर्ववत होते.

पण हे दुखणे महिनोन्‌महिने तसेच राहिले, तर काही जणांत सूज खोल उतरते. वाचकांना नवल वाटेल, पण जंतू स्वतः हाड खात नाहीत. जंतूंशी लढताना शरीर जी रसायने सोडते, त्यांच्यामुळे आपल्याच हाडातील हाड विरघळवणाऱ्या पेशी जाग्या होतात. तंतू तुटतात, हाडाची कड खाली सरकते, फट खोल होते. त्या खोल फटीत ब्रश पोचत नाही, आणि जंतूंना आयता आसरा मिळतो. असे गेलेले हाड आपोआप भरून येत नाही.

कीड नसलेले दातही पडतात

सिद्धेश्वरहून आलेल्या पंचेचाळिशीच्या एका बाईंनी मला विचारले होते, “डॉक्टरसाहेब, एका दाताला कीड न्हाई, मग हालायलेत कशानं?” त्यांचे म्हणणे खरे होते. दातांवर एकही काळा डाग नव्हता. क्ष-किरण चित्रात मात्र खालच्या पुढच्या चार दातांभोवतीचे हाड मुळाच्या टोकापर्यंत उतरलेले दिसले. “मावशी, हिरडीतून रक्त कधीपासून येते?” असे विचारल्यावर त्या म्हणाल्या, “ते तर लई वर्षं झाली, पण दुखत नव्हतं.” ते चार दात काढावे लागले. बाकीचे दात मुळापर्यंत स्वच्छ केले. त्या दर तीन महिन्यांनी न चुकता दाखवायला येऊ लागल्या, आणि ते दात टिकले.

या बाईंसारखीच गोष्ट शास्त्रीय अभ्यासातही नोंदलेली आहे. नॉर्वेचे दंततज्ज्ञ हॅराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० पासून श्रीलंकेतील ४८० चहामळा मजुरांच्या तोंडाची पंधरा वर्षे पाहणी केली. हे मजूर दात घासत नसत आणि दंतोपचारही त्यांना मिळालेले नव्हते. त्यांच्या दातांना कीड जवळपास नव्हतीच. तरीही शंभरातील सुमारे आठ जणांचे हाड झपाट्याने झिजले आणि पंचेचाळिशीपर्यंत त्यांचे सगळे दात गेले. सुमारे ८१ जणांची झीज मध्यम वेगाने झाली. उरलेल्या ११ जणांचा आजार मात्र हिरडीच्या सुजेपुढे गेला नाही. म्हणजे प्रत्येकाची प्रकृती वेगळी असते, हे खरे. पण आपण कोणत्या गटातले आहोत हे आधी कळत नाही. त्यामुळे नशिबावर हवाला ठेवण्यात शहाणपण नाही.

याच लो यांनी १९६५ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला होता. निरोगी हिरड्यांच्या तरुणांनी दात घासणे थांबवले, तेव्हा दहा ते एकवीस दिवसांत सर्वांच्या हिरड्या सुजल्या. घासणे पुन्हा सुरू करताच त्या बऱ्या झाल्या. हिरडीच्या दुखण्याची सुरुवात आपल्या हातात असते, याचा याहून चांगला पुरावा नाही.

तंबाखू, मिश्री आणि मधुमेह

आपल्याकडे अनेक स्त्रिया सकाळी तव्यावर भाजलेल्या तंबाखूची मिश्री दातांना लावतात. कुठे तिला मशेरी म्हणतात. तिने दात घट्ट होतात ही समजूत चुकीची आहे. तंबाखू जिथे ठेवली जाते तिथली हिरडी खाली सरकते आणि मूळ उघडे पडते. शिवाय तोंडाच्या कर्करोगाचा धोका आहेच. दंतमंजनात तंबाखू घालण्यास सरकारने १९९२ मध्ये बंदी केली, पण घरच्या तव्याला कायदा कसा पोचणार? विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत आणखी एक घात होतो. त्यांच्या हिरड्यांतून रक्त कमी येते, त्यामुळे आतून हाड झिजत असूनही धोक्याची खूण दिसत नाही.

मधुमेह आणि पायोरिया एकमेकांना खतपाणी घालतात. साखर वाढलेली असेल तर हाड लवकर झिजते, आणि हिरड्यांची सूज कायम राहिली तर साखर आटोक्यात येणे अवघड होते. मधुमेह असणाऱ्यांनी डोळे आणि पाय यांच्याबरोबर हिरड्याही वर्षातून एकदा तरी तपासून घ्याव्यात.

दात साफ केल्याने दात हलतात का?

हा प्रश्न मला जवळजवळ रोज विचारला जातो. उत्तर आहे : नाही. हाड आणि हिरडी खाली गेल्यावर मोकळ्या झालेल्या जागेत कीटण भरलेले असते. ते काढले की फट दिसू लागते आणि दात काही दिवस शिवशिवतात. फट आधीचीच असते, कीटणाने ती झाकलेली असते. मीठ-तेल चोळून, राखुंडीने किंवा कोळशाने हे कीटण निघत नाही. उलट खरखरीत भुकटीने दात झिजतात. कॅल्शियमच्या गोळ्यांनीही गेलेले हाड परत येत नाही.

आजार थोडा असेल तर मुळापर्यंतची स्वच्छता पुरते. फटी फार खोल असतील तर हिरडी उघडून साफ करावी लागते. ठरावीक आकाराच्या खड्ड्यांत हाडाची भर घालता येते, पण सगळीकडे नाही. सोय जवळच्या जिल्हा रुग्णालयातील दंत विभागात असते. गुंतागुंतीच्या उपचारांसाठी छत्रपती संभाजीनगरचे शासकीय दंत महाविद्यालय आहे.

एवढे जरूर करा

• मऊ ब्रशने सकाळी आणि रात्री झोपण्यापूर्वी, दोन मिनिटे, दात आणि हिरडी जिथे मिळतात त्या कडेवर हलक्या हाताने घासा.

• कडुनिंबाची वा बाभळीची काडी वापरत असाल तर ती चावून मऊ करा. मात्र दोन दातांमधल्या फटींत ती पोचत नाही. तिथे दंतधागा किंवा बारीक ब्रश लागतो.

• हिरडीतून रक्त आले म्हणून घासणे सोडू नका. आठ-दहा दिवसांत रक्त थांबले नाही तर तपासून घ्या.

• तोंडाला सतत दुर्गंधी, हिरडीतून पू, दात लांब दिसणे, पुढच्या दातांत नवी फट पडणे यांपैकी काहीही दिसले तर दात हलण्याची वाट पाहू नका.

• मिश्री, तंबाखू, विडी सोडा.

दात हलू लागल्यावर येणारा रुग्ण निम्मे हाड घरी घालवून आलेला असतो. रक्त दिसू लागल्यावर येणाऱ्याचे बहुतेक सगळे वाचवता येते. उद्या सकाळी दात घासून झाल्यावर थुंकीचा रंग तेवढा पाहा, आणि घरातल्या मोठ्या माणसांनाही पाहायला सांगा.