भट्टीशिवाय चॉकलेट

डिसेंबरातल्या एखाद्या सकाळी अंघोळीपूर्वी डोक्याला तेल लावायला जावे, तो खोबरेल तेलाची बाटली गोठून पांढरीफटक झालेली! मग ती गरम पाण्याच्या तांब्यात उभी करून ठेवावी लागते. हा अनुभव तुमच्यापैकी पुष्कळांना असेल. खोबरेल तेल सुमारे २४° सेल्सिअसच्या खाली गोठू लागते. म्हणजे ज्या दिवशी बाटली गोठली, त्या दिवशी घरातले तापमान चॉकलेटच्या वड्या करायला अगदी योग्य आहे असे समजा. नाताळची सुट्टी त्यासाठी सोयीची.

या वड्यांना भट्टी लागत नाही. गोव्यात नाताळच्या फराळासाठी दोदोल तासन्‌तास आटवतात, नेवऱ्या तळतात. इथे तेवढाही विस्तव नको. लागतात ती दोन भांडी, एक तापमापी आणि बराचसा धीर.

धीर कशाला, ते आधी सांगतो. मागे एका वर्षी नववीच्या मुलांना घेऊन मी हा उद्योग केला होता. चॉकलेट वितळवले, कुरमुरे आणि दाणे घातले, ताटात थापले, काम संपले. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तो सगळ्या वड्यांवर करडे-पांढरे डाग! ‘‘सर, बुरशी आली,’’ असा गलका झाला आणि ताट कचऱ्याच्या डब्याकडे निघाले. तेवढ्यात एका मुलीने शंका काढली की, पाणी नसलेल्या पदार्थाला एका रात्रीत बुरशी येईल कशी? आम्ही भिंग आणले. बुरशीचे तंतू कुठेच दिसेनात. डागावर बोट दाबून धरले, तर डाग वितळून नाहीसा झाला. बुरशी काही बोटाच्या उबेने वितळत नाही. तो डाग चॉकलेटमधल्याच चरबीचा होता, आणि चूक माझी होती.

चॉकलेट म्हणजे काय, हे पाहिले की ही चूक कळेल. कोकोच्या बियांत निम्म्याहून अधिक स्निग्ध पदार्थ असतो. त्याला कोको बटर म्हणतात. या गोठलेल्या चरबीत साखरेचे आणि कोकोचे अतिशय बारीक कण विखुरलेले असतात. चॉकलेट कडक राहते ते कोको बटरच्या स्फटिकांमुळे. खरी मौज इथेच आहे. कार्बन एकच, पण त्याचे हिरा आणि ग्रॅफाइट असे वेगवेगळे प्रकार तुम्ही शिकला आहात. कोको बटरचे रेणूही सहा निरनिराळ्या प्रकारांनी एकमेकांना चिकटून बसू शकतात. १९६६ साली विले आणि लटन या संशोधकांनी हे सहा प्रकार वेगळे करून दाखवले. प्रत्येकाचा द्रवणांक निराळा. पहिला प्रकार सुमारे १७ अंशांनाच वितळतो, चौथा २७-२८ अंशांना, पाचवा ३४ अंशांना आणि सहावा ३६ अंशांना.

आपल्याला हवा असतो पाचवा. तो खोलीच्या तापमानाला घट्ट राहतो, तोडला की ‘कट्‌’ असा आवाज करतो आणि तोंडातल्या ३७ अंशांच्या उबेत मात्र भराभर वितळतो. वितळताना लागणारी अप्रकट उष्णता तो जिभेकडूनच घेतो, म्हणून चांगले चॉकलेट जिभेवर किंचित गार लागते. कसेही वितळवून कसेही गोठवलेल्या चॉकलेटात मात्र खालच्या प्रकारांची खिचडी होते. ते प्रकार अस्थिर असतात. त्यांची हळूहळू फेरमांडणी होते, चरबी पृष्ठभागावर येऊन तिचे मोठे स्फटिक बनतात आणि ते प्रकाश विखुरतात. तेच आमचे ‘बुरशी’चे डाग. अशा वड्या दिसायला वाईट, पण खाण्यास निर्धोक असतात.

तूप कढवणाऱ्या तुमच्या आजींना विचारा, रवाळ तूप हवे तर ते सावकाश निवू द्यायचे, हे त्या सांगतील. सावकाश निवले की मोठे रवे बनायला अवसर मिळतो. तुपात रवे असणे हे कौतुकाचे. चॉकलेटात नेमके उलट, लक्षावधी अगदी बारीक आणि एकाच जातीचे रवे हवेत. ते मिळवण्याची युक्ती तशी सोपी आहे.

३०० ग्रॅम गडद चॉकलेट घ्या. वेष्टनावरील घटकांची यादी वाचा. तीत कोको बटर असले पाहिजे. ‘कंपाउंड’ म्हणून स्वस्तात मिळणाऱ्या लाद्यांत त्याऐवजी दुसरी वनस्पतिजन्य चरबी असते. ती मुकाट्याने गोठते खरी, पण पुष्कळदा जिभेवर मेणासारखी रेंगाळते. चॉकलेट बारीक चिरून त्यातले १०० ग्रॅम बाजूला ठेवा. उरलेले २०० ग्रॅम कोरड्या पातेलीत घालून ती पातेली गरम पाण्याच्या भांड्यावर ठेवा. खालच्या पाण्याला उकळी नको आणि पातेलीचा बूड पाण्याला टेकता कामा नये. तापमान ४५ ते ५० अंशांवर गेले की सर्व जुने स्फटिक मोडले असे समजावे. पातेली उतरवा, बाहेरून पुसून घ्या. आता बाजूला ठेवलेले तुकडे थोडेथोडे घालत ढवळत राहा. हे तुकडे कारखान्यातूनच पाचव्या प्रकारात आलेले असतात. पहिले काही वितळून जातील, पण मिश्रण ३४ अंशांच्या खाली उतरले की नंतरच्या तुकड्यांतले स्फटिक टिकून राहतात आणि विरजणासारखे काम करतात. त्यांच्यावर त्यांच्याच जातीचे नवे थर चढतात. ३१-३२ अंशांवर थांबा. या तापमानाला चौथा आणि त्याखालचे प्रकार जगूच शकत नाहीत!

तापमापी स्वयंपाकघरातली घ्या. प्रयोगशाळेतली पाऱ्याची तापमापी खाण्याच्या पदार्थात कदापि घालू नये. ताप पाहण्याची तापमापीही इथे कामाची नाही, तिचे अंश ४२ च्या आसपास संपतात. काहीच नसेल तर चॉकलेटचा थेंब खालच्या ओठाला लावून पाहा. तो किंचित गार लागला म्हणजे चॉकलेट तयार झाले.

मग त्यात ५० ग्रॅम भाजून कुरकुरीत केलेले कुरमुरे, ७५ ग्रॅम सोललेले भाजके दाणे आणि मूठभर बेदाणे घाला. दाणे पूर्ण निवलेले हवेत. घाईने गरम दाणे टाकलेत तर एवढ्या कष्टाने बनवलेले स्फटिक तिथेच वितळून जातील. (माझ्या दुसऱ्या प्रयत्नात हेच झाले.) भराभर कालवून बटर पेपरवर चमच्याने लहान लहान ढीग घाला. पंधरावीस मिनिटांत ते आपोआप घट्ट होतील. पाचवा प्रकार गोठताना आकुंचन पावतो, त्यामुळे वड्या कागदापासून सहज सुटतात. चिकटून बसल्या, तर स्फटिक बिघडले असे समजा.

पाण्यापासून मात्र फार जपा. ओला चमचा बुडवला की पातळ चॉकलेटचा क्षणात रवाळ गोळा होतो. द्रव पदार्थात द्रव पडून तो घट्ट व्हावा, हे चमत्कारिक वाटते. पण पाण्याचे ते थेंब साखरेच्या कणांवर जातात, कणांचा पृष्ठभाग चिकट पाकासारखा होतो आणि कण एकमेकांना धरून बसतात. पिठीसाखरेत दोन थेंब पाणी टाकून पाहा, असेच होईल. आलेला गोळा टाकून देऊ नका. त्यात चार-पाच चमचे गरम दूध घालून ढवळले की पुरेसे पाणी मिळून साखर विरघळते आणि छान दाट सॉस तयार होतो.

कोकणातल्या वाचकांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. थंडीत भेगाळलेल्या टाचांना आपण मुठेल लावतो. कोकमाच्या बियांची ही चरबी रचनेने कोको बटरच्या फार जवळची असते, फक्त तिचा द्रवणांक थोडा वरचा, सुमारे ४० अंश. म्हणून उष्ण हवेत चॉकलेट मऊ पडू नये यासाठी ती उपयोगी पडते. युरोपीय संघाने २००० साली चॉकलेटात पाच टक्क्यांपर्यंत ज्या सहा वनस्पतिजन्य चरबी वापरण्याची मुभा दिली, त्यांत कोकम आहे आणि आंब्याच्या कोयीची चरबीही आहे.

वड्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. शीतकपाटातून काढून लगेच उघड्या केल्या तर त्यांवर दव जमते, साखर विरघळते आणि पाणी उडून गेल्यावर खरखरीत पांढरा थर उरतो. तो बोटाच्या उबेने जात नाही, एवढ्यावरून चरबीच्या डागांहून वेगळा ओळखता येतो. घरच्या कुत्र्याला एकही वडी देऊ नका. कोकोतले थिओब्रोमिन त्याच्या शरीरातून फार सावकाश बाहेर पडते आणि त्याला विषबाधा होते.

शिक्षकांना एक सुचवतो. वर्गात हा प्रयोग करताना ५० ग्रॅम चॉकलेट नुसतेच वितळवून, तुकडे न घालता गोठू द्या. दोन्ही जातींच्या वड्या शेजारी शेजारी ठेवून आठवडाभर रोज भिंगातून पाहायला सांगा आणि नोंदी वहीत करून घ्या. तोवर वड्या शिल्लक राहाव्यात म्हणून डबा कपाटात कुलपात ठेवलेला बरा.